गॅरेजात ‘साहेब’ कशाला हवेत?

संघटनेची गाडी दुरुस्तीला टाकायला आमच्यापैकी जी कोणी जाते, तिला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. ‘ताई, तुम्ही सावलीत बसा. साहेबांना फोन लावून द्या, काय झालंय ते त्यांना सांगतो.’ आमच्या संघटनेत साहेब नाहीत. आहेत त्या सगळ्या बाया, आणि गाडी आमच्या ट्रस्टच्या नावावर आहे. हे सांगितलं की मिस्त्री जरा गोंधळतो, मग हसून म्हणतो, ‘मग बघा, खर्च येईल बरं का.’ किती येईल, कशाचा येईल, हे काही तो सांगत नाही. आपणही विचारत नाही, कारण काय विचारायचं तेच आपल्याला माहीत नसतं.

जुन्या गाडीचा क्लच आणि रेडिएटर यांवर या अंकात लेख कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. बैठकीत मी विषय काढला तेव्हाही एकीनं विचारलंच, ‘हा काय स्त्रीप्रश्न आहे का?’ माझ्या मते आहे. का ते सांगते, पण आधी गाडीचं सांगते.

आम्ही गाडी घेतली २०१९ साली. गाडी २०१२ची, पाच दरवाज्यांची, छोटी. तीन सिलिंडरचं ८०० सीसीचं पेट्रोल इंजिन, ६२,००० किलोमीटर चाललेली. किंमत १,४०,००० रुपये. घेताना संघटनेत बरंच वादंग झालं. आमच्या ज्येष्ठ मैत्रिणींचं कामाचं सगळं आयुष्य एस.टी.त गेलेलं. ‘गाडी आली की कार्यकर्ती वस्तीपासून तुटते’, हे त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मार्च २०२३पासून तर एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे. पण रात्री अकराला जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून फोन येतो तेव्हा एस.टी. नसते. गावातलीच जीप मागावी तर जीपवाला नेमका तिच्या दिराचा दोस्त निघतो. शेवटी गाडी घेतली.

नवी परवडणार नव्हतीच. आपल्याकडे छोट्या गाडीची परंपरा मारुती ८००ने घातली. डिसेंबर १९८३मध्ये ती बाजारात आली, २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत गावोगावच्या मिस्त्र्यांचा हात या जातीच्या छोट्या इंजिनांवर बसला. पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात. म्हणून जुनी छोटी गाडी घेणं हा आमच्यासारख्यांसाठी शहाणपणाचा निर्णय होता आणि आजही मी तो बदलणार नाही. चूक झाली ती पुढे. गाडी घेतली आणि तिची काळजी मात्र आम्ही एका कार्यकर्तीच्या नवऱ्यावर सोपवली. तो भला माणूस, हौसेनं करायचा. पण त्यामुळे गाडीला काय होतंय, काय केलं, किती लागले, याची आमच्यापैकी एकीलाही माहिती नव्हती. घराघरांत जी कामाची वाटणी आपण मोडायला निघालो, तीच आमच्या ऑफिसच्या दारात उभी होती आणि आमच्या ध्यानातही आली नाही.

एप्रिल २०२२. एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन आम्ही दोघी जत तालुक्यातून सांगलीकडे निघालो होतो. तिचं डोकं फुटलेलं, टॉवेल बांधलेला. मागून सासरचे येतील ही धास्ती. आतल्या खराब रस्त्यानं दहा-पंधराच्या वेगानं गाडी चाललेली, आणि समोरच्या तबकडीवरचा तापमानाचा काटा वर चढायला लागला. गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीनं तो पाहिला. मलाही दाखवला. आम्ही दोघींनी ठरवलं, आता थांबायचं नाही. कवठे महांकाळ जवळ येईपर्यंत बॉनेटमधून वाफ निघू लागली आणि गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली. दोन तास आम्ही त्या अंधारात होतो. मुलं रडून रडून झोपली. शेवटी बेदाण्याच्या शेडवरून परतणाऱ्या एका पिकअपवाल्यानं आम्हाला सांगलीला दवाखान्यात पोचवलं. तिच्या डोक्याला सात टाके पडले.

गाडीचं बिल आलं १६,४०० रुपये, ओढून आणण्यासकट. हेड गॅस्केट गेलं होतं. हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंजिनाच्या खालच्या भागावर एक ॲल्युमिनियमचं डोकं बसवलेलं असतं. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. इंजिन थंड ठेवायला कूलंट नावाचं रंगीत पाणी आत फिरतं, पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन गार होतं आणि परत जातं. गाडी वेगात असेल तर समोरचा वारा रेडिएटर गार करतो. हळू चालली की विजेचा पंखा लागतो. पंखा बिघडला, रबरी पाइप गळाला, थर्मोस्टॅट अडकला, काहीही झालं तरी पाणी तापतं. तशीच चालवत राहिलं की ॲल्युमिनियमचं डोकं वाकतं, गॅस्केट फुटतो, पाणी आणि तेल एक होतं. मग डोकं उतरवून लेथवाल्याकडे घासून सपाट करून आणायचं, नवे गॅस्केट घालायचे. आमच्या बिलात मजुरी ४,५०० होती. आणि या सगळ्याचं मूळ काय, तर पंख्याची मोटर. तिची किंमत १,९०० रुपये.

त्याहून चीड आणणारी गोष्ट नंतर कळली. पंखा कधी फिरतो, कधी नाही, हे दोन महिन्यांपासून माहीत होतं. पाणी कमी होत होतं म्हणून त्यात बोअरचं पाणी घातलं जात होतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती क्षाराचं असतं ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, पातेल्याच्या तळाला पांढरा थर ती रोज घासते. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसत होता. आम्हाला कुणी विचारलं असतं, ‘ताई, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू का?’ तर आमच्यातली कुणीही ‘नको’ म्हणाली असती. विचारलं नाही, कारण गाडी हा बायकांचा विषय नव्हता.

त्या रात्रीनंतर आम्ही एक शंभरपानी वही घातली. जुनी बिलं सापडतील तेवढी शोधून त्यात चिकटवली. सहा वर्षांचा हिशेब आज समोर आहे. पेट्रोल आणि विमा सोडून सुमारे ७३,००० रुपये खर्च झाला, म्हणजे महिन्याला हजार रुपये. आकडा ऐकून काही जणी दचकल्या. मी म्हणते, सहा वर्षं रात्री-अपरात्री धावणाऱ्या गाडीसाठी हा मोठा खर्च नाही. मात्र तो ठरवून बाजूला काढला नाही, तर नेमका ज्या महिन्यात पैसे नसतात त्याच महिन्यात येतो.

वहीतल्या काही नोंदी सांगते. दर आमच्याकडच्या बाजारातल्या गॅरेजचे आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जास्त पडतात, मोठ्या शहरात आणखी जास्त.

घेतल्याबरोबर चार टायर घ्यावे लागले, १०,४०० रुपये. विकणाऱ्यानं वरून काळं पॉलिश मारलेलं, आत रबर तडकलेलं. टायरच्या कडेला तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली तयार झाला याचा चार आकडी छाप असतो, हे आम्हाला माहीत असतं तर सौद्यातच तेवढे कमी करून घेतले असते. बॅटरी साधारण तीन-चार वर्षांनी जाते. आमची २०२०च्या टाळेबंदीत गाडी नुसती उभी राहून गेली, शिवाय उंदरांनी वायरी कुरतडल्या त्याचे २,८०० वेगळे. (बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवा, असे उपाय सगळे सांगतात. आमचे उंदीर कशालाच घाबरले नाहीत. आठवड्यातून दोनदा गाडी हलवणं हाच त्यातल्या त्यात खरा उपाय.)

क्लच २०२१ साली गेला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून ४,१०० आणि मजुरी १,८००. क्लच झिजला की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही, चढावर तर जळकट वास येतो. गाडी चालवताना डावा पाय सतत क्लचवर ठेवायची सवय असेल तर तो लवकर जातो. ही सवय बायकांनाच असते असं गॅरेजात छातीठोक सांगतात. आमच्या गाडीचा क्लच ज्यांच्या पायाखाली झिजला, ते गृहस्थ होते.

खड्ड्यांमुळे पुढच्या चाकांचे लोअर आर्म, त्यांतले रबरी बुश, शॉकअपची वरची माउंटिंग ही कायमची डोकेदुखी. गतिरोधकावरून जाताना ‘खट’ असा आवाज येतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, टायर एकाच कडेनं झिजतो. आमचे ७,३०० गेले. इथे एक गंमत होते. आवाज एका बुशचा असतो आणि बदललं जातं सगळं. म्हणून गाडी वर उचलून, सळईनं हलवून ‘कोणता बुश सैल आहे ते दाखवा’ असं म्हणायला आम्ही शिकलो. मिस्त्री दाखवतो. न दाखवणारा आम्हाला आजवर भेटला नाही, फक्त विचारावं लागतं.

ब्रेकचे पॅड आणि मागचे लायनर यांचे २,३५० झाले, तिथे काटकसर केली नाही आणि करूही नये. आमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, काही इंजिनांत त्याजागी साखळी असते. बेल्ट बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही आणि तुटला की गाडी जागच्या जागी बंद. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला. आता एक नवीन गोष्ट पेट्रोलची. पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. जुन्या गाड्यांमध्ये काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनंच २०२५च्या खुलाशात मान्य केलं आहे. इंधनाचे पाइप आम्ही दर सर्व्हिसला हात लावून पाहतो. २०२७ साली गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करावी लागेल. एप्रिल २०२२पासून त्याची फी ६००ची ५,००० झाली, वर पर्यावरण कर. ते पैसे आतापासून बाजूला पडताहेत.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसले ती सांगते. आमच्या एका मैत्रिणीचा डब्यांचा व्यवसाय. औद्योगिक वसाहतीत ती रोज सत्तर-ऐंशी डबे पोचवायची, त्यासाठी तिनं बचत गटातून कर्ज काढून अशीच एक जुनी छोटी गाडी घेतली. हप्ते तिनं फेडले. गाडीच्या कागदावर नाव मात्र नवऱ्याचं, ‘आर.टी.ओ.त तूच जाणार आहेस का’ म्हणून. एके दिवशी गिअर पडेना. नवरा गाडी गॅरेजात घेऊन गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, गिअरबॉक्स गेला, चाळीस हजार लागतील, त्यापेक्षा विकलेली बरी. आठ दिवसांत त्याच्याच एका मित्राला ती ३५,०००ला विकली. नमुना २९ आणि ३० वर सही करायची असते ती मालकाची, म्हणजे नवऱ्याची. तिला कुणी विचारलंही नाही. पुढे महिनाभरानं तिनं तीच गाडी बाजारात धावताना पाहिली. चौकशी केली तर कळलं, क्लचची केबल ताणली गेली होती. नवीन केबल चारशे रुपयांची. या जुन्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो, ती सैल पडली की क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर पडत नाही. गॅरेजातल्या पोरालाही हे माहीत असतं.

तिचे डबे वीसवर आले, जेवढे रिक्षानं नेता येतील तेवढे.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईचा ज्यात हितसंबंध आहे अशी मालमत्ता परस्पर विकून टाकणं त्यात येतं. तिला आम्ही ते सांगितलं. ती म्हणाली, ‘कायद्यानं गाडी परत येईल का ते तुम्हाला माहीत. पण त्या संध्याकाळी तो चाळीस हजार म्हणाला आणि मी मान डोलावली, त्याचं काय?’ जमीन, घर, सोनं यांवरच्या हक्काबद्दल आपण शिबिरांतून इतकी वर्षं बोलत आलो. पण बाईच्या मालकीची वस्तू ‘खराब झाली’ असं ठरवण्याचा अधिकार कुणाकडे असतो, याचा आपण विचार केलेला नाही. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मोटरपंप, गाडी. वस्तू तिच्या घामाची, आणि ती मोडकी आहे की चांगली हे सांगणार दुसराच कोणी.

म्हणून मला गॅरेजच्या त्या ‘साहेबांना पाठवा’चा राग येतो. मिस्त्र्यांवर मात्र सरसकट राग धरायला मी तयार नाही. ‘बाई बघितली की लुटतात’ असं आपण पटकन म्हणतो. लुटणारे आहेत, पण पुरुषांनाही ते लुटतात. पुरुष ते घरी सांगत नाहीत एवढंच. आमचा आताचा मिस्त्री सकाळी नऊ ते रात्री नऊ गाडीखाली पाठीवर पडलेला असतो. क्लच उतरवायला अर्धा दिवस जातो, त्याचे तो १,८०० घेतो. आम्ही त्याच्याशी घासाघीस कशाची केली? मजुरीची. पार्टवर छापील किंमत असते, तिथे आपण गप्प बसतो, आणि ‘नुसतं खोलून लावायचे एवढे?’ म्हणून घाम गाळणाऱ्याचे दोनशे कापतो. घरकामगारांच्या वेतनासाठी मोर्चे काढलेल्या आम्ही. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. आणि पाना-पक्कड हातात देणारं पोर तेरा वर्षांचं असेल तर त्याच्या शाळेचंही विचारायला हवं. चौदाखालच्या मुलाला असं कामाला लावायला २०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पूर्ण बंदी आहे. एका गॅरेजात आम्ही ते विचारलं, तेव्हापासून तिथे आमचं स्वागत थंडं असतं. असू दे.

निधी देणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. प्रशिक्षणाला पैसे मिळतात, पुस्तिकेला मिळतात, क्वचित गाडी घ्यायलाही मिळतात. दुरुस्तीला मिळत नाहीत. अर्जात ‘गाडी देखभाल, महिना हजार रुपये’ असं लिहिलं की ते प्रशासकीय खर्च म्हणून आधी कापलं जातं. आम्ही आता ‘संकटग्रस्त महिलांची रात्रीची ने-आण’ या कामाच्या खाली तो खर्च लिहितो. तो तिथलाच आहे.

आपण सगळ्यांनी मिस्त्रीकाम शिकावं असं मी म्हणत नाही. ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर शिकावं, आमच्यातली एक शिकतेही आहे. पण पाना हातात घेऊन फोटो काढण्यापेक्षा बिल वाचता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. आता आमच्याकडे महिन्याला एकीकडे गाडीची पाळी असते. दर सोमवारी सकाळी, इंजिन गार असताना, ती कूलंटची पातळी बघते, तेलाची पट्टी पुसून पुन्हा घालून बघते, टायरची हवा बघते, खाली जमिनीवर काही गळलंय का पाहते. पाच मिनिटं लागतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही, हात भाजतो. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला की गाडी कुठेही असो, बाजूला घेऊन बंद करायची, आणि रात्रीच्या फेरीला निघताना दुसऱ्या वाहनाचा एक नंबर आधीच जवळ ठेवायचा. काम सुरू करण्याआधी मिस्त्रीकडून अंदाज लिहून घ्यायचा, पार्ट आणि मजुरी वेगळी. काढलेला जुना पार्ट आणि नव्या पार्टचा खोका गाडीत ठेवून मागायचा. पाच हजारांवरचं काम असेल तर दुसऱ्या गॅरेजात विचारल्याशिवाय होकार द्यायचा नाही. आणि गाडीच्या कागदावर तिचं नाव, जी हप्ते फेडते. जुनी घेतली तर विम्यावरचं नावही चौदा दिवसांत बदलून घ्यायचं.

डब्यांवाल्या मैत्रिणीनं गेल्या वर्षी पुन्हा एक जुनी गाडी घेतली, स्वतःच्या नावावर. बघायला आमच्यातल्या दोघी बरोबर गेल्या होत्या. तिनं तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. तिथे दुधाळ, चहासारखा थर असेल तर पाणी तेलात गेलेलं असतं. गाडी गार असताना चालू करायला लावली आणि मागे जाऊन धूर पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळतंय. पहिली गाडी तिनं नाकारली, दुसरीही. तिसरी ९५,०००ला घेतली आणि पुढचे बुश खराब होते म्हणून चार हजार कमी करून घेतले.

आमची वही ऑफिसच्या टेबलावर असते, कुणीही येऊन पाहावी. तुमच्याकडेही संघटनेची किंवा स्वतःची जुनी गाडी असेल तर तुमच्या गावातले दर, काय बिघडलं, किती मजुरी पडली, हे मासिकाच्या पत्त्यावर कळवा. क्लच, गॅस्केट, लोअर आर्म आणि बॅटरी, एवढ्या चारच गोष्टींचे दर आले तरी पुढच्या अंकात छापू. कोकणातल्या मैत्रिणींनी गंजाबद्दल मुद्दाम लिहावं, त्यातलं आम्हाला काही कळत नाही.